शेवटून धावणाऱ्याबरोबर

सोलापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पुण्यातील तुमच्या धावण्याच्या गटात व्यसनमुक्ती केंद्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्या चौघांना सामील करून घ्यायचे ठरले आहे, हे तुझ्या आईकडून समजले. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहावयास बसलो. माझी दारू सुटली तेव्हा तू नववीत होतास. तुला पुष्कळ आठवत असेल, पण काही गोष्टी मी कधी सांगितल्या नाहीत.

केंद्रातून घरी आल्यावर मला दारूपेक्षा मोकळ्या वेळाची भीती अधिक वाटे. कारखान्यातील पाळी संपली की पाय जुन्याच गल्लीकडे वळू पाहत आणि रात्री झोप येत नसे. तेव्हा दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये भेटलेल्या एका गृहस्थांनी मला पहाटे पाच वाजता सिद्धेश्वर तलावावर बोलावण्यास सुरुवात केली. पहिले कित्येक दिवस आम्ही केवळ चालत होतो, आणि भुईकोट किल्ल्याच्या तटापर्यंत न थांबता पळता येऊ लागायला तीन महिने गेले. पण उद्या पाच वाजता कोणीतरी आपली वाट पाहत उभे असेल, या एका जाणिवेवर माझी आदली संध्याकाळ पार पडत असे.

म्हणून त्या चौघांना कोणी काही विचारू नये; सांगावेसे वाटेल तेव्हा ते स्वतः सांगतील, आणि जे सांगतील ते गटाबाहेर जाऊ देऊ नये. शर्यतीनंतरच्या जेवणात दारू मुळीच नको. एका गटाच्या अशाच जेवणात माझ्यासमोर बिअरच्या बाटल्या उघडल्या गेल्या. मी न पिता घरी आलो खरा, पण त्या रात्री तुझ्या आईला दाराला आतून कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवायला सांगितले, आणि त्या गटात पुन्हा गेलो नाही.

धावणे म्हणजे उपचार नव्हे, हेही ध्यानात ठेव. फार पिणाऱ्याने दारू एकदम सोडली तर त्याला झटके येऊ शकतात, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पडला पाहिजे, आणि नंतरही धावण्यापूर्वी त्यांची अनुमती हवी. मीटिंग चुकवून कोणी सरावाला येत असेल तर त्याला प्रेमाने मीटिंगकडे पाठव. कोणी एक दिवस आला नाही तर त्याच दिवशी फोन कर. तो घसरला असेल, तर लाजेपोटी तो स्वतः फोन करणार नाही.

अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये 2007 साली निवारागृहातील लोकांबरोबर पहाटे धावण्याचा असाच उपक्रम सुरू झाला, आणि तो इतर शहरांतही पसरला. लंडनमध्ये 2004 साली 13 धावकांनिशी सुरू झालेल्या पार्करन या सामूहिक धावण्याच्या उपक्रमात एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागे राहतो, जेणेकरून दुसऱ्या कोणावर शेवटचे ठरण्याची वेळ येऊ नये. तुझा वेग चांगला आहे, तरीही ते काम निदान पहिले काही महिने तू स्वतः कर.

आणि पळून होताच पांगू नका. चहा होईपर्यंत तरी सर्वांनी एकत्र बसावे; मला सर्वाधिक आधार त्या अर्ध्या तासाने दिला आहे. आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवीत आहे. डबा मोठा आहे, तो रविवारी तेथेच उघड.

तुझा,
बाबा