उपवासाचा साबुदाणा आणि रक्तातली साखर

संपादक महोदय,

एकादशीला माझ्या आईची साखर हमखास वाढते. दिवसभर काही खाल्लं नाही म्हणते, पण सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि रात्री रताळ्याचा कीस झालेला असतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पोटात गेल्यावर त्याची झपाट्याने साखर होते. निरोगी माणसाचीही खाल्ल्यावर साखर चढतेच, पण स्वादुपिंड लगेच इन्सुलिन सोडतं आणि दोन तासांत ती बहुधा १४० मिलिग्रॅमच्या खाली येते. मधुमेहात इन्सुलिन अपुरं पडतं किंवा शरीर त्याला दाद देत नाही. मग तीच वाटीभर खिचडी आकडा २०० च्या पुढे नेऊ शकते. याउलट निरंकार उपवास करून साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या नेहमीसारख्या घेतल्या, तर घाम, थरथर, कधी शुद्धही हरपते. ते तर अधिकच घातक. म्हणून गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारावं.

एकादशी मीही धरते. खिचडी अर्धी वाटी, सोबत दाण्याची आमटी, ताक आणि काकडी, एवढं आईने आता मान्य केलं आहे. आपण उपवासाच्या पाककृती छापता, त्यांत मधुमेहींसाठीही एखादी द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा