बाबा, मूळ गाव अजून आहे

प्रिय आई-बाबा,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी आमचा रस्ता दाखवला, तेव्हा बाबांनी विचारलं, "सगळं नवंच दिसतंय. मग इथलं मूळ गाव कुठे गेलं?" नेरूळच्या गावठाणात ज्यांचे इतके मित्र आहेत, त्यांनाच हा प्रश्न पडणार. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मूळ गाव आहे, बाबा. आमच्या शहराचं मिल्टन कीन्स हे नाव त्या खेड्याचंच. गवताने शाकारलेली काही घरं, जुनं दगडी चर्च, एक पब. मिल्टन म्हणजे मूळचं मिडलटन, मधलं गाव; कीन्स हे तिथल्या नॉर्मन जमीनदारांचं आडनाव. लंडनच्या गर्दीला घरं हवी होती, म्हणून २३ जानेवारी १९६७ ला सरकारने इथली सुमारे २२ हजार एकर जमीन नव्या शहरासाठी ठरवली, अडीच लाख वस्ती धरून. ब्लेचली, वुल्व्हर्टन, स्टोनी स्ट्रॅटफर्ड आणि आजूबाजूची खेडी त्यात आली, आणि या एवढ्याशा खेड्याचं नाव सगळ्यांना लागलं. आपली नवी मुंबई वसवणारी सिडको त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७० मध्ये निघाली.

आई, वुल्व्हर्टनला गेले की मला आजोबा आठवतात. १८३८ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेने निम्म्या वाटेवर तिथे वर्कशॉप काढलं. पुढे तिथे डबे बनू लागले, व्हिक्टोरिया राणीच्या गाडीचेसुद्धा. आजोबांनी माटुंग्याला जन्मभर डब्यांचंच काम केलं. त्या विटांच्या भिंतीजवळून जाताना मी नेहमी थोडी थांबते.

मोठे रस्ते साधारण किलोमीटरभर अंतरावर, आडवे-उभे. उभ्यांना व्ही, आडव्यांना एच आणि पुढे नंबर. पण पट्टीने मारल्यासारखे सरळ नाहीत, जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळतात. व्ही ४ मात्र रोमनांनी बांधलेल्या वॉटलिंग स्ट्रीटचीच वाट धरून जातो. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी तांबड्या डांबराच्या वेगळ्या वाटा आहेत, त्यांना रेडवे म्हणतात. त्या बहुतेक ठिकाणी मोठ्या रस्त्यांखालून किंवा पुलावरून जातात. बाबा, तुमच्या गुडघ्यांचा विचार करूनच मी हे लिहितेय. घरापासून तळ्यापर्यंत एकही मोठा रस्ता ओलांडायला लागत नाही.

ते विलन तळं तुम्हाला दाखवायचंच आहे. लहानपणी तुम्ही मला वाशीच्या धारण तलावाकडे न्यायचात. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं, हे तुम्ही मला काठीने चिखलात आखून समजावलं होतं. इथे समुद्र नाही, पण दुखणं तेच. शेतं गेली, छपरं आणि डांबर आलं, पाणी मुरेना. म्हणून शहर बांधतानाच हे तळं खणलं. मोठ्या पावसाचं पाणी ते धरून ठेवतं आणि मग सावकाश ऊझल नदीत सोडतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काठावर उभी राहून कुणाला तरी सांगावंसं वाटलं, की हे मला माझ्या बाबांनी शिकवलंय.

त्याच काठावर पांढरा शांतिस्तूप आहे, १९८० मध्ये बांधलेला. आई, वरळीचं जपानी मंदिर ज्या निप्पोनझान म्योहोजी पंथाचं, त्याच पंथाच्या भिक्षूंनी तो उभारलाय. सेवाग्रामच्या प्रार्थनेतलं 'नम्यो हो रेंगे क्यो' तिथे ऐकलं आणि मला तुझा आवाज आठवला.

जूनमध्ये या. मधल्या भागातला मिडसमर बुलेव्हार्ड हा रस्ता वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाच्या रोखाने आखलाय. तेव्हा पहाटे पावणेपाचलाच सूर्य उगवतो. बाबा तसेही चारला उठतात. पासपोर्टची मुदत एकदा बघून कळवा, तिकिटं मी काढते. गुडघ्याचा पट्टा आणि आईची लोकरी शाल विसरू नका, तळ्यावर जूनमध्येही वारा गार असतो.

तुमची,
मनू