रिकाम्या खोल्यांना उदास ठरवण्याची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर आणि गतकाळाची ओढ या विषयावरील आपल्या पुरवणीतील लेख आवडीने वाचला. मात्र त्यात डॅनिश चित्रकार विल्हेल्म हॅमरशॉय (१८६४–१९१६) यांची खोल्यांची चित्रे ‘एकाकीपणाची चित्रे’ म्हणून एका वाक्यात आटोपली आहेत, हे खटकले. त्यांच्याविषयी सर्रास असेच लिहिले जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

१८९८ ते १९०९ या काळात हॅमरशॉय आणि त्यांच्या पत्नी इडा कोपनहेगनमधील स्ट्रँडगेड या रस्त्यावर, सतराव्या शतकात बांधलेल्या ३० क्रमांकाच्या इमारतीत राहत होते आणि या एकाच घराची साठाहून अधिक चित्रे त्यांनी रंगवली. म्हणजे गमावलेल्या घराच्या आठवणीने ही चित्रे काढलेली नाहीत. ज्या घरात रोज उठणे-बसणे होते, तेच घर ते पुन्हा पुन्हा न्याहाळत होते. चित्रासाठी ते खोलीतले सामान हलवत, नको ते बाजूला काढत. तेव्हा चित्रातला रिकामेपणा जाणीवपूर्वक रचलेला आहे. विषय निवडताना आपल्याला रेषा आणि प्रकाश महत्त्वाचे वाटतात, असे त्यांनीही १९०७ मधील एका मुलाखतीत सांगितले होते.

उन्हात तरंगणाऱ्या धूलिकणांचे त्यांचे १९०० सालचे चित्र पाहावे. खोलीत साधी खुर्चीही नाही. खिडकीतून ऊन तिरप्या पट्ट्यांनी उतरते, त्यात धूळ दिसते, तावदानांच्या चौकटी जमिनीवर उमटतात आणि बाजूला बंद दार आहे. एवढ्याशा ऐवजावर नजर खिळून राहते, कारण भिंतीचा करडा रंग कुठेही सलग एकसारखा नाही. उजेडापासून दूर जाताना तो हळूहळू बदलत जातो. अंतर्मुख होणे म्हणजे खिन्न होणे, असे आपण का धरून चालतो?

इडांच्या पाठमोऱ्या आकृतीचेही तसेच. पती-पत्नींतील दुराव्याची खूण म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. १९०४ च्या सुमाराच्या एका चित्रात त्यांनी कमरेशी तबक धरले आहे, शेजारी झाकणाचे चिनी मातीचे मोठे भांडे आहे आणि त्यांच्या उघड्या मानेवर उजेड पडला आहे. ती मान ज्या हळुवारपणे रंगवली आहे, तीत मला तरी दुरावा दिसत नाही; सवयीच्या सहवासाची निश्चिंती दिसते.

गतकाळाची ओढ त्यांना नव्हती असे मात्र नाही. हे घर सोडल्यावर काही वर्षांनी, १९१३ मध्ये, ते त्याच रस्त्यावर समोरच्या बाजूला २५ क्रमांकाच्या घरात राहायला आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. घराच्या ओढीवर लिहिताना या परतण्याचा उल्लेख हवा होता.

अशा लेखांसोबत चित्रे तिकिटाएवढी न छापता किमान एक तरी मोठ्या आकारात आणि रंगीत छापावे, ही विनंती. करड्या रंगातले हे बारीक फरक लहान, कृष्णधवल छपाईत पुसले जातात आणि मग वाचकाला लेखकाच्या शेऱ्यावरच विसंबून राहावे लागते.

आपली,
एक नियमित वाचक