मंत्रिमहोदय, हार्ड डिस्क चार स्क्रूंवर बसवायला सांगा

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सरकारी संगणकांतली हार्ड डिस्क कुठे आणि कशी बसवायची, याची अट खरेदीच्या आणि देखभालीच्या करारात घालण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

नारायण पेठेत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. 22 वर्षं हेच काम करते. मागणी अगदी लहान आहे, पण ती का करते आहे हे नीट सांगितल्याशिवाय पटणार नाही.

गेल्या मे महिन्यात एका सरकारी कार्यालयातले भाऊसाहेब स्कूटरवर पायांपाशी सीपीयू ठेवून दुकानात आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "ताई, निराधार पेन्शनच्या याद्या आहेत यात. बाकी काही नको, तेवढ्या काढून द्या." अर्ज ऑनलाइन जातात हे मला माहीत आहे. पण त्याआधीच्या याद्या, त्रुटींची पत्रं, कुणाचा कोणता कागद यायचाय याच्या नोंदी, हे सगळं शेवटी कुणाच्या तरी टेबलाखालच्या डी ड्राइव्हमध्येच असतं.

कॅबिनेट उघडलं. हार्ड डिस्क खालच्या तिच्या कप्प्यात नव्हती. ती वर, डीव्हीडी ड्राइव्हच्या खणात कोंबलेली होती. तो खण साधारण 146 मिलिमीटर रुंद असतो आणि हार्ड डिस्क 101.6. मधली फट भरायला पत्र्याची पट्टी मिळते, पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुणीही काढून देतं. इथे एका बाजूला दोन स्क्रू मारले होते आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची घडी खुपसली होती. खालच्या कप्प्यात जुनी, मेलेली हार्ड डिस्क तशीच होती. तिच्या स्क्रूंची डोकी झिजली होती, म्हणून कुणी काढायचे कष्ट घेतले नव्हते. बिल मात्र "हार्ड डिस्क बदलली" असं झालं असणार.

महोदय, तो पुठ्ठा मी अजून जपून ठेवला आहे.

हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत असतं. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड. अशा वस्तूची एक बाजू स्क्रूवर आणि दुसरी पुठ्ठ्यावर टेकली, की तिच्या स्वतःच्याच फिरण्याने ती थरथरते. हेड मार्गावरून सरकतं, पुन्हा वाचतं, पुन्हा सरकतं. 2008 च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग या सन मायक्रोसिस्टिम्सच्या इंजिनिअरने चालू हार्ड डिस्कच्या रॅकसमोर नुसतं ओरडून दाखवलं होतं, आणि डिस्कचा वेग पडलेला पडद्यावर दिसला होता. आवाजाने एवढं होतं, तर टेबलाखाली येता-जाता बसणाऱ्या लाथेने काय होत असेल?

आडवी की उभी, यावर आमच्या धंद्यात उगाच वाद चालतो. उभी ठेवली की लवकर जाते, असं गिऱ्हाइकं सांगतात. तसं नाही. आडवी चालते, कडेवर उभीही चालते. तिरकी, लोंबती, अधांतरी मात्र नको. चार स्क्रू हवेत आणि तेही तिचेच, जाड आट्यांचे. डीव्हीडीचे बारीक आट्यांचे स्क्रू त्याच भोकात घातले, की बसल्यासारखे वाटतात आणि महिन्याभरात सैल होतात. डिस्कवर एक बारीक भोक असतं, शेजारी "हे झाकू नका" असं छापलेलं असतं. ते हवेचा दाब सांभाळण्यासाठी असतं. त्यावर मालमत्ता क्रमांकाचा कागद चिकटवलेला मी अनेकदा सोलून काढला आहे.

आता उष्णतेचं. बहुतेक डेस्कटॉप हार्ड डिस्कना कंपन्या 60 अंशांची मर्यादा देतात. वरच्या खणाला लागूनच एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा होता, आणि गरम हवाही वरच चढते. भाऊसाहेबांना नवी डिस्क दिली तेव्हा मी मुद्दाम आधी ती त्याच वरच्या खणात ठेवून तासभर चालवली: तापमान 56. मग पुढच्या पंख्याची जाळी साफ केली, खालच्या कप्प्यातली जुनी डिस्क ड्रिल लावून काढली आणि नवी तिथे बसवली: 41. तीच खोली, तीच दुपार. गूगलने 2007 मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात मध्यम तापमानाचा परिणाम लोक समजतात त्यापेक्षा कमी दिसला हे खरं, पण जास्त तापमानात आणि तीन वर्षं जुन्या झालेल्या डिस्कमध्ये तो दिसलाच. सरकारी कार्यालयातली हार्ड डिस्क तीन वर्षांची नसते, आठ-आठ वर्षांची असते. एप्रिल-मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. वर धूळ बसू नये म्हणून चालू सीपीयूवर कापडी कव्हर घातलेलं असतं आणि समोरच्या जाळीला फायलींचा गठ्ठा टेकलेला. तो गठ्ठा वीतभर सरकवायला एक रुपयाही लागत नाही.

दोन डिस्क असतील तर मधला कप्पा रिकामा सोडायचा, म्हणजे एकीची थरथर आणि ऊब दुसरीला लागत नाही. केबलचं टोक बाजूच्या झाकणाने दाबलं जाणार नाही हेही बघायचं, नाहीतर डिस्कला केबल जिथे लागते त्या साटा जोडणीचं प्लॅस्टिक तुटतं आणि चांगली डिस्क उगाच भंगारात जाते.

कुणी म्हणेल, आता एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्क आल्या. आल्याच आहेत, आणि त्यांत फिरणारं काही नसल्यामुळे त्या कशाही ठेवल्या तरी चालतात. पण जुने संगणक उद्या सकाळी बदलणार नाहीत, आणि मोठा साठा अजून फिरत्या डिस्कवरच असतो.

म्हणून माझी मागणी. मी वाचलेल्या निविदांत रॅम किती, प्रोसेसर कोणता, हार्ड डिस्क किती टीबीची हे सगळं असतं. ती कशी बसवावी याची एकही ओळ नसते. एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम जातं, एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल करारावरचा मुलगा दिवसाला बारा तक्रारी उरकतो. त्याला दोष देऊन काय होणार? त्याच्या पिशवीत स्क्रूच नसतात. करारात लिहा: डिस्क तिच्याच कप्प्यात, पंख्यासमोर, चारही स्क्रूंवर, खण मोठा असेल तर पट्टी लावून, बंद पडलेली डिस्क त्याच दिवशी बाहेर. आणि कॅबिनेट उघडं असताना काढलेला फोटो बिलासोबत जोडल्याशिवाय बिल मंजूर करू नका.

1961 च्या पानशेतच्या पुरात आमच्या घरातले सगळे कागद गेले. आजी प्रत्येक हरवलेल्या कागदाबद्दल "पुरात गेला" म्हणायची आणि ऐकणारा पुढे विचारायचा नाही. भाऊसाहेबांच्या डिस्कमधून मला निम्म्याहून जास्त याद्या मिळाल्या, बाकीच्या नाहीत. त्या यादीत नाव असलेल्या एक आजी नंतर त्यांच्याबरोबर दुकानात आल्या होत्या. उत्पन्नाचा दाखला पुन्हा काढायचा होता. "माझा कागद कशात गेला?" असं त्यांनी मला विचारलं. मी पुठ्ठ्याची घडी दाखवली. त्यांना ती कळली नाही, आणि मला पुढे समजावता आलं नाही.

पुणे जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी देखभालीच्या मुलांना मी दोन तासांत हे सगळं हातात स्क्रू ड्रायव्हर देऊन शिकवीन. मानधन नको. उघडायला एक जुना सीपीयू तेवढा टेबलावर असू द्या, आणि जमलं तर हे उन्हाळ्याआधी होऊ द्या.

कळावे,
आपली नम्र,
एक संगणक दुरुस्ती करणारी,
नारायण पेठ, पुणे