दुसरी किल्ली

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू भरलं ताट सोडून निघालीस. तेव्हापासून आई माझ्याशी फक्त 'जेवायला वाढलंय' एवढंच बोलते. फोन केला तर पुन्हा माझा आवाज चढेल, म्हणून लिहितो. रात्रीच्या ड्रायव्हिंगबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

गाडी छान आहे. त्या दिवशी सांगायचं राहिलं. खाली उभी होती तेव्हा पहिल्या मजल्यावरचे काका दोनदा तिच्याभोवती फिरून गेले आणि मी उगाचच कुंड्यांना पाणी घालत गॅलरीत उभा राहिलो. आपल्याकडे नवी कोरी गाडी घेणारी पहिली तू, तीही बापाकडून एक पैसा न घेता.

माझी पहिली गाडी लाकडाची होती. सावंतवाडीच्या चितारआळीतली, तांबडी, पिवळ्या चाकांची. तुला आठवत असेल. बापूने आणि मी ओढाओढीत तिचं एक चाक तोडलं. नानांनी दोघांना एकेक धपाटा घातला आणि आजीच्या झिजलेल्या स्लिपरचं रबर गोल कापून खिळ्याने ठोकून दिलं. ते उजवं चाक जरा मोठं झालं. मग गाडी कितीही सरळ सोडा, ती डावीकडे वळायची. मोती तलावाच्या काठावर तिला पकडायला बापू उलटा पळायचा. तू तिला लंगडी म्हणायचीस.

नंतरची पद्मिनी. 1997 मध्ये बापूने आणि मी निम्मे निम्मे घालून जुनी घेतली. इथेच कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय खोकायचीसुद्धा नाही. मे महिन्यात घाट चढताना पंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी जागच्या जागी बसायची. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. पोलादपूरच्या पुढे कशेडीत असे आपण पाऊण तास बसलो होतो. तू दीड वर्षाची. ओलं करायला दुसरं काही सापडेना, तेव्हा बापूने तुझं लंगोट पंपावर टाकलं.

त्याच कशेडीत पुढे... असो. ते काढणार नव्हतो. पण तोही फोनवर हेच म्हणाला होता, "झोप नाही रे येत मला, पहाटे वाडीत असेन."

मनू, झोप आलेली माणसाला कळत नाही. तुमचा एक्स्प्रेसवे 94 किलोमीटर, मध्ये सिग्नल नाही की माणूस नाही, असल्या सपाट रस्त्यावरच डोळा लागतो. नुसत्या कॉफीने भागत नाही. जांभई आली की फूड मॉलला थांबायचं, काच जराशी खाली करून वीस मिनिटं झोपायचं. ऑफिसातून निघून रात्री अकराला पुण्याहून मुंबई गाठायची काय गरज आहे? शनिवारी सकाळी निघालीस तर आई काय दार उघडणार नाही?

झालं माझं सुरू. चुकलो. तू माझ्यापेक्षा चांगली चालवतेस, हे मी तुझ्या शेजारी बसूनच पाहिलंय. आपल्या गल्लीत त्या टेम्पोच्या मागून एका फटक्यात रिव्हर्स काढलीस, मी तीन वेळा पुढे-मागे केली असती.

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, तेव्हा तू मला फोटो पाठवला होतास, 'बाबा, तुमची गाडी रिटायर!' मी उत्तर दिलं नाही आणि तू रुसलीस. बापू त्या गाडीला काय म्हणायचा ते मी आठवत बसलो होतो, आणि आठवेना.

लंगडी माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे. घाईत तुझी दुसरी किल्ली टीव्हीजवळच राहिली. कुरिअरने पाठवतो म्हणालो तर आई म्हणते, राहू दे, घ्यायला येईल ती. ये.

उजेडी ये.

बाबा