टोकियोच्या ओएदो मेट्रो लाईनच्या स्टेशनवरल्या काकांना, आईकडून आणि माझ्याकडून

काका, नमस्कार.

तुम्ही मराठी वाचणार नाही हे माहितीये, तरी लिहितोय. दर ११ मार्चला तुमची आठवण येते आणि मन भरून येतं, यंदा म्हटलं लिहूनच टाकू.

२०११ चा तो शुक्रवार. दुपारी २:४६ ला ९ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा मी आणि आई टोकियोतच बाहेर होतो. आई साताऱ्याहून पहिल्यांदाच आलेली, गुडघ्यांचा त्रास, भाषेचा गंध नाही आणि घर लांब निशिकासाईला. लोकल बंद, मेट्रो बंद, फोन लागेना. आम्ही आधी ज्या मोठ्या स्टेशनवर गेलो तिथे संध्याकाळी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सरळ शटर ओढलं. बाहेर थंडी, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका, कुणाला काही सांगणं नाही की विचारणं नाही. गाड्या बंद ठेवणं बरोबरच होतं हो, पण निदान आत बसू द्यायचं ना! त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आणि मग तुमचं स्टेशन. शटर उघडं, जिन्याच्या कडेला माणसं बसलेली, तुम्ही पुठ्ठे वाटत होतात. आईला भिंतीला टेकून बसवलंत. पण मला सांगायचंय ते पुठ्ठ्याचं नाही. तुम्ही थोड्या थोड्या वेळाने येत होतात आणि दरवेळी आईसमोर खाली गुडघ्यांवर बसून, टोपी काढून, तिला सांगत होतात की अजून रुळांची तपासणी चालू आहे, गाडी कधी सुटेल ते कळलेलं नाही, माफ करा. माझ्याशी बोलला असतात तरी चाललं असतं, जपानी मलाच कळत होतं. पण तुम्ही तिच्याकडेच बघून बोलायचात, कारण वयाने मोठी ती. आणि आई तुम्हाला मराठीत म्हणायची, "बरं बाबा, तू जेवलास का?" सांगण्यासारखं काही नसतानाही तुम्ही येऊन सांगत होतात, यानेच तिची भीती गेली. आपल्याकडे गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये तासभर उभी राहते आणि कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून मला याची किंमत जास्त कळते.

रात्री पावणेनऊच्या सुमारास ओएदो लाईन सुरू झाली. मोन्झेन-नाकाचोपर्यंत गाडीने आणि पुढे आराकावा नदीवरचा पूल ओलांडून हळूहळू चालत, आईला धरून, घरी पोचलो.

उत्तरेत काय झालं ते नंतर टीव्हीवर बघितलं. त्सुनामीने फुकुशिमाकडच्या शिन्ची स्टेशनात उभ्या गाडीचे डबे खेळण्यासारखे वाकडेतिकडे करून टाकले होते, पण आतले जवळपास ४० प्रवासी वाचले, कारण प्रवासात असलेल्या दोन तरुण पोलिसांनी त्यांना आधीच बाहेर काढून उंचावर नेलं होतं. किनाऱ्यावरच्या किन्काझानच्या भूकंपमापकाने मोठा धक्का पोचायच्या आत वीज तोडून ब्रेक लावले आणि प्रवासी असलेली एकही बुलेट ट्रेन घसरली नाही. तिथल्या किनाऱ्यावरची छोटी सानरिकू रेल्वे तर एवढी उद्ध्वस्त झालेली, तरी पाच दिवसांत कुजीकडचा एक तुकडा सुरू करून लोकांना फुकट नेत होती, आपली माणसं शोधायला, औषधं आणायला. यंत्रं भारीच आहेत तुमच्याकडे, पण मला दरवेळी ती माणसंच दिसतात. अशी माणसं कुठेही असतात, साताऱ्यातही आहेत, फक्त वेळ आल्याशिवाय दिसत नाहीत.

आई अजून विचारते, त्या पोराचं घर कुठे होतं रे, त्याची माणसं बरी होती का? तुम्हाला 'पोरगा'च म्हणते ती, मला तुम्ही काका वाटलात तरी. तुमचं कुणी उत्तरेकडे होतं का, तुमचा फोन तरी लागला होता का, हे मी तेव्हा विचारलं नाही, आमचंच आम्हाला पडलेलं. आज विचारतो. सगळे सुखरूप असोत.

तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही, काका. मनापासून आभार.