मानेचा डॉप्लर आणि विसराळूपणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानेतल्या कॅरोटिड रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की स्मरणशक्ती घटते, हा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात हे उत्तम. पण त्याच पानावर मानेच्या डॉप्लरसह (धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) ‘साठीनंतरच्या तपासणी पॅकेज’ची जाहिरातही होती. दोन्ही एका दमात वाचणाऱ्याचा समज काय होईल, या काळजीने लिहीत आहे.

संबंध आहे, आणि तो आज कळलेला नाही. कॅनडाचे मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९५१ मध्येच मानेतली धमनी बंद होणे आणि म्हातारपणचा स्मृतिभ्रंश यांची सांगड घातली होती. अमेरिकेतल्या चार हजारांवर वृद्धांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. पक्षाघात कधीच न झालेल्या, उजव्या हाताने काम करणाऱ्या ज्या लोकांची डावी धमनी ७५ टक्के किंवा अधिक अरुंद होती, त्यांची बुद्धी जास्त घसरलेली दिसली. बोलणे, शब्द आठवणे ही कामे बहुतेकांत मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतात, हे इथे ध्यानात घ्यावे. मेंदूला रक्त कमी पडते, शिवाय धमनीतल्या चरबीच्या थरातून बारीक कण सुटून आत अडकतात, अशी कारणे सांगितली जातात.

मात्र ज्याची मानेतली धमनी अरुंद झाली, त्याच्या शरीरात बीपी, साखर, तंबाखू यांनी बरीच वर्षे मुक्काम केलेला असतो, आणि मेंदूतल्या केसासारख्या बारीक वाहिन्याही तेच खराब करतात. म्हणून धमनी मोकळी केली की विसरलेले आठवू लागेल, असे धरून चालता येत नाही. लक्षणे नसलेल्या सर्वसाधारण लोकांची मानेची डॉप्लर तपासणी सरसकट करू नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदल या तज्ज्ञ मंडळाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितले. शस्त्रक्रिया काय, स्टेंट काय, दोन्हींत पक्षाघाताचाच धोका असतो.

माझे आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागे गेले. “बीपी नॉर्मल आलंय, आता गोळी कशाला?” म्हणत पट्टी अर्धी कापून मागणारे गिऱ्हाईक पॅकेजला मात्र हजारो रुपये मोजते. (गोळीमुळेच ते नॉर्मल आलेले असते, हे सांगून सांगून तोंड दुखले.) कोलेस्टेरॉलच्या गोळीची तऱ्हा आणखी वेगळी: “तिनं विसरायला होतं म्हणे!” अशा तक्रारींची दखल अमेरिकी औषध प्रशासनाने २०१२ मध्ये घेतली खरी, पण त्या सहसा गंभीर नसतात आणि गोळी थांबवल्यावर जातात, हेही तेव्हाच सांगितले होते. व्हॉट्सॲपवर पहिले अर्धे वाक्य तेवढे फिरते. विसरण्याच्या भीतीने धमनी जपणारे औषधच बंद! शंका आली तर डॉक्टरांना विचारून गोळी बदलता येते. मिश्रीचा डबा मात्र बदलून भागत नाही, तो फेकावाच लागतो.

डॉप्लर तातडीने हवा तो निराळ्या माणसाला. एका डोळ्यापुढे पडदा येऊन गेला, हात लुळा पडून थोड्या वेळात सावरला, बोलताना जीभ अडखळली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशांपैकी ज्यांची धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद होती, त्यांच्यावरील १९९१ च्या चाचणीत नुसत्या औषधांवर दोन वर्षांत २६ टक्क्यांना मेंदूच्या त्याच बाजूला पक्षाघात झाला, शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना. आपल्याकडे मात्र “पित्त असेल” म्हणून माणसाला लिंबूपाणी देऊन निजवतात. ही लक्षणे पुढच्या पुरवणीत ठळक चौकटीत छापावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, सांगली